वाढत्या तालुका-नगरांतील सार्वजनिक जागा : शहापूर आणि मुरबाड

नगररचनेच्या पाठ्यग्रंथांत सार्वजनिक जागेचा विचार बहुधा उद्यान, चौक व क्रीडांगण ह्या क्रमाने केलेला आढळतो. ज्या नगरांच्या अनुभवातून हा क्रम सिद्ध झाला ती नगरे मोठी आहेत, आणि त्यांतील मोकळी जागा दाट वस्तीतून हेतुपुरस्सर राखून ठेवलेली असते. हीच मोजपट्टी ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड ह्या तालुक्याच्या गावांना लावली, तर तेथे सार्वजनिक जागा जवळजवळ नाहीतच असा निष्कर्ष निघेल. तो चुकीचा ठरेल. जागा आहेत, परंतु त्या एका कामाला बांधलेल्या नाहीत, आणि आठवड्याचे सातही दिवस त्यांचे स्वरूप एक नसते.

ही दोन्ही गावे रस्त्याने घडविलेली आहेत. शहापूर मुंबई-आग्रा मार्गावर वसलेले असून त्याचे रेल्वे स्थानक, आसनगाव, गावापासून काही अंतरावर आहे. मुरबाडला रेल्वेच नाही; कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता हाच त्याचा आधार. ह्याच तालुक्यातील वैशाखरे गावावरून नाणेघाटाची चढण लागते, आणि सातवाहनकाळापासून जुन्नर व कल्याण ह्यांमधील व्यापार त्या घाटाने चाले. अशा प्रदेशातील तालुक्याचे गाव हे मुख्यतः उतरण्याचे ठिकाण असते. कचेरी, दवाखाना, न्यायालय व बाजार ह्यांसाठी भोवतालच्या पाड्यांतील माणसे तेथे येतात आणि सायंकाळी परततात. म्हणून नगरात राहणारांची संख्या आणि नगर वापरणारांची संख्या ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुढील सारे विवेचन ह्या एका भेदावर अवलंबून आहे.

हा भेद बाजाराच्या दिवशी सर्वांत स्पष्ट दिसतो. एरवी रिकाम्या असलेल्या मैदानात व त्याला लागून असलेल्या रस्त्याच्या कडेला सकाळपासून पाले उभी राहतात. कापड, भांडी, सुकी मासळी, मसाला, बी-बियाणे ह्यांच्या रांगा ठरलेल्या असतात. कोणी आखून दिल्या नसल्या तरी त्या सहसा मोडत नाहीत. रांगांच्या टोकाला, बहुधा कडेच्या धुळीत किंवा चिखलात, कातकरी व ठाकूर स्त्रिया बसतात. पावसाच्या आरंभी शेवळे, पुढे कंटोळी, भारंगी, टाकळा. उन्हाळ्यात करवंदे व जांभळे. त्यांचा माल वाट्यांनी विकला जातो, मांडणीला एक फडके पुरते, आणि दुपारपर्यंत विक्री आटोपली नाही तर माल वाया जातो. त्यांना गाळा नको असतो, आणि परवडणाराही नसतो. सावली, पाणी, बसण्यापुरती कोरडी भूमी, स्वच्छतागृह आणि उठविले न जाण्याची शाश्वती, एवढीच त्यांची नगररचनेकडून अपेक्षा असू शकेल. सार्वजनिक जागेच्या गुणवत्तेची ह्याहून नेमकी व्याख्या पाठ्यग्रंथांतही सहज सापडणार नाही.

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेस भरणारी खांबलिंगेश्वराची यात्रा हे ह्याच रीतीचे विस्तारलेले रूप होय. तेथे बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकाने, भांड्यांच्या रांगा व तमाशाचे फड ह्यांचे एक तात्पुरते नगरच वसते आणि यात्रा सरताच उठून जाते. मोकळी भूमी वर्षभर मोकळी राहिली म्हणूनच हे शक्य होते.

सार्वजनिक जागेचा दुसरा प्रकार म्हणजे एस. टी. स्थानक. डॅनिश नगररचनाकार यान गेल ह्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घराबाहेरील व्यवहारांचे आवश्यक, ऐच्छिक व सामाजिक असे तीन वर्ग केले. जागा निकृष्ट असली तरी आवश्यक व्यवहार चालूच राहतात. ऐच्छिक व सामाजिक व्यवहार मात्र आटतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. विल्यम व्हाइट ह्यांनी न्यूयॉर्कमधील चौकांचे चित्रीकरण करून १९८० मध्ये मांडलेला निष्कर्ष अधिकच साधा आहे : जेथे बसावयास जागा असते तेथे माणसे बसतात. दोन्ही विचार येथे उपयोगी पडतात, पण एका दुरुस्तीसह. पाड्यावर जाणारी गाडी चुकलेल्या माणसाला पुढच्या गाडीपर्यंत कित्येक तास काढावे लागतात, आणि त्या सक्तीच्या प्रतीक्षेतच सोयरिकी जुळतात, मजुरीचे दर कळतात, अर्ज लिहून घेतले जातात. आवश्यक व सामाजिक व्यवहार येथे एकाच बाकावर घडतात. तो बाक काढून तेथे वाहनतळ केला, तर केवळ एक सोय कमी होत नाही.

आता प्रशासकीय बदलाकडे वळावयास हवे. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने ग्रामीण अवस्थेतून नागरी अवस्थेकडे जाणाऱ्या क्षेत्रासाठी नगरपंचायतीची तरतूद केली. २०१४ नंतर राज्यात तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतींचा दर्जा देण्याचे धोरण अमलात आले, आणि शहापूर व मुरबाड येथील कारभार त्यानुसार बदलला. ह्या बदलाचा एक परिणाम फारसा चर्चिला गेलेला नाही. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. मुरबाडमधील काही गावेही त्यात आहेत. अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या १९९६ च्या कायद्याने गावबाजाराच्या व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभा व पंचायतींकडे दिला आहे. नगरपंचायतीत ग्रामसभा नसते. म्हणजे ज्या टप्प्यावर बाजारावरील ताण वाढतो, नेमक्या त्याच टप्प्यावर त्याविषयी उघड्या सभेत बोलण्याचे ठिकाण नाहीसे होते.

त्याची जागा २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने भरून निघू शकेल काय? काही अंशी निघेल. त्या कायद्यात नगर पथविक्रेता समितीवर विक्रेत्यांचे किमान चाळीस टक्के प्रतिनिधी असावेत व त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे म्हटले आहे. जेथे विक्रेते व ग्राहक परंपरेने जमतात त्या ‘नैसर्गिक बाजारा’चीही दखल घेतली आहे. परंतु सामावून घ्यावयाच्या विक्रेत्यांचे प्रमाण त्या कायद्याने लोकसंख्येच्या अडीच टक्के असे धरले आहे. दहा हजार वस्तीच्या नगरात हे अडीचशे होतात. मोठ्या शहरात, जेथे विक्रेता व ग्राहक दोघेही रहिवासी असतात, हे गणित चालेल. तालुक्याच्या बाजारात दोघेही बाहेरून येतात. तेथे रहिवाशांची संख्या हा मुळातच चुकीचा पाया आहे.

मोकळ्या जागांविषयीच्या नियमांचीही अशीच गत आहे. विकास योजनेत उद्यानासाठी खाजगी जमीन आरक्षित करणे सोपे असते, ती संपादन करणे छोट्या नगरपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे असते. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणे दहा वर्षांत संपादन न झाल्यास मालकास नोटीस देता येते, आणि त्यानंतरही ठरावीक मुदतीत संपादन झाले नाही तर आरक्षण व्यपगत होते. दुसरा मार्ग अभिन्यासातील दहा टक्के मोकळ्या जागेचा. मुंबईच्या नोकरदारांसाठी आसनगावच्या परिसरात उभ्या राहणाऱ्या गृहसंकुलांत ती जागा मिळते खरी. पण ती कुंपणाच्या आत, संकुलातील रहिवाशांसाठी असते. बाजारास आलेल्या बाईला तेथे बसता येत नाही. ज्या तालुक्यातील तानसा (१८९२), मोडकसागर (१९५७) व भातसा ह्या जलाशयांचे पाणी मुंबईला जाते, त्याच्याच गावात बाजारकरणीला पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागावे, ह्यावर वेगळ्या भाष्याची गरज नाही.

तेव्हा अशा नगरांजवळ खरोखर टिकण्याजोगी सार्वजनिक जागा कोणती? जी आधीच सार्वजनिक आहे ती : बाजाराचे मैदान, गायरानाचा उरलेला भाग, तळ्याचा काठ, देवळापुढील पटांगण, कचेरीचे आवार, झाडाचा पार. ह्यांना संपादनाचा खर्च नाही. धोका आहे तो त्यांच्या रिकामेपणातच. नवी इमारत, पाण्याची टाकी, व्यापारी गाळे ह्यांसाठी प्रत्येक वेळी बोट त्यांच्याकडेच दाखविले जाते, आणि मग तेथून हटलेला बाजार रस्त्यावर आला की त्याला अतिक्रमण म्हणतात. गाळे बांधून बाजार सुधारला, हा समज तर विशेष घातक आहे. सहा दिवस कुलूप लागलेला गाळा सातव्या दिवशीही वाट्यावाल्या स्त्रीच्या उपयोगाचा नसतो.

पॅट्रिक गेडिस ह्यांनी, ज्यांच्याकडे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे अध्यापन आले, योजनेपूर्वी सर्वेक्षण हा दंडक घालून दिला. अधिनियमानेही विकास योजनेपूर्वी विद्यमान भूवापराचा नकाशा आवश्यक मानला आहे. परंतु हा नकाशा एका स्थिर क्षणाचा असतो. त्यात वार किंवा ऋतू दाखविण्याची सोय नसते. बाजार नसलेल्या दिवशी पाहणी झाली की मैदानावर ‘रिक्त जागा’ असा रंग चढतो, आणि पुढचे सगळे निर्णय त्या रंगावरून होतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एखाद्या गटास हे काम सहज करता येण्यासारखे आहे : एकाच मैदानाचे तीन नकाशे, एक साध्या दिवसाचा, एक उन्हाळ्यातील बाजाराच्या सकाळचा आणि एक आषाढातील बाजाराच्या दुपारचा, कोण कोठे बसले, किती वेळ बसले, कोणत्या पाड्यावरून आले आणि परतीची गाडी कितीची होती, ह्या नोंदींसह.