सारा थकला, वावर गेलं

मैत्रिणींनो, सासऱ्यांच्या जुन्या ट्रंकेतली कागदपत्रं कधी उलगडून पाहिलीत? एखादी पिवळी पडलेली शेतसाऱ्याची पावती निघाली, तर रद्दीत टाकू नका.

बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव इथे बिऱ्हाड असलं तरी आपल्यापैकी अनेकींचं वावर गावाकडे असतं. सारा कोण भरतं, सातबाऱ्यावर नाव कुणाचं, हे विचारायला आपल्याला संकोच वाटतो. ‘ते पुरुषांचं काम’ म्हणून आपण मोकळ्या होतो. पण या बेफिकिरीची किंमत पुढे सगळ्या घराला मोजावी लागते.

तलाठ्याच्या दप्तरात ‘आकारी पड’ असा एक शब्द आहे. वाटतं, पडीक जमीन असेल. तसं नव्हे! शेतसारा किंवा तगाई थकली म्हणून सरकारजमा झालेली ही जमीन. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे थकबाकीसाठी जमिनीचा लिलाव करता येतो. बोली लावणारं कुणी नसलं, तर सरकार नाममात्र बोलीने ती स्वतःकडे घेतं.

समजा, एखाद्या आजोबांनी विहिरीसाठी तगाई उचलली. पाऊस दगा देऊन गेला, हप्ते थकले, नोटीस कोनाड्यातच राहिली. थकलेली रक्कम थोडी, पण गेलं ते अख्खं वावर! मग नुकसान एका पिकाचं राहत नाही. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून पीककर्ज नाही. कर्ज नाही, म्हणून बियाणं सावकाराच्या पैशाने. मुलीच्या लग्नाला वा मुलाच्या शिक्षणाला जमीन गहाण ठेवता येत नाही, विकता येत नाही. पुढे रस्त्यात किंवा धरणात ती जमीन गेली, तरी मोबदल्यावर हक्क सांगणं कठीण. मालकाची सून दुसऱ्याच्या शेतात निंदणाला जाते, ती अशी.

१२ वर्षांच्या आत थकबाकी व्याजासह भरली, तर जमीन परत मिळवता येत असे. पण कित्येक घरांत ही गोष्ट कळेपर्यंत मुदत उलटून गेलेली असायची. जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या मुदतीनंतरही बाजारमूल्याचा ठराविक हिस्सा भरून घेऊन मूळ खातेदाराला किंवा त्याच्या वारसांना जमीन परत करण्याचा निर्णय घेतला. संहितेच्या कलम २२० मधल्या दुरुस्तीचा हा निर्णय राज्यातल्या नऊशेहून अधिक खातेदारांसाठी होता.

आणि हो, वारस म्हणजे फक्त भाऊ नव्हेत बरं का! २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीलाही मुलाइतकाच हक्क आहे. तेव्हा माहेरच्या जमिनीची चौकशी करायला लाजू नका.

एवढं मात्र आजच करा. सासरचा आणि माहेरचा सातबारा काढून घ्या. जुन्या नावाखाली ‘सरकार’ असा शेरा दिसला, तर तलाठ्याकडे फेरफाराची नक्कल मागा आणि तहसील कचेरीत विचारा. घरात मृत्यू झाला असेल, तर वारसनोंद लांबणीवर टाकू नका. पतीच्या हयातीत त्याच्या संमतीने पत्नीचं नावही सातबाऱ्यावर लावता येतं. त्यासाठी १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. सरकारी नोटीस आली की आधी ती वाचा, मगच कपाटात ठेवा.

दागिन्यांचा डबा आपण किती जपतो! साऱ्याची पावतीही त्याच डब्यात ठेवायला काय हरकत आहे?