बंद कॅमेरा आणि कारणाचा शोध

मागच्या वेळी आपण डोंगरावरचा धूर आणि त्यावरून होणारं अग्नीचं अनुमान, इथवर आलो होतो. नंतर एकाने विचारलं, ‘सर, या अनुमानाचा घरात काही उपयोग?’ म्हणून आज आम्ही हा जुना फिल्म कॅमेरा सोबत आणलाय. आमच्या थोरल्या भावाचा. वर-खाली दोन भिंगं, वरून पाहायचं, १२० चा रोल. इथे पाचगणीतच, कपाटात, चामड्याच्या केसमध्ये याने कितीतरी पावसाळे काढलेत.

बाहेर काढला तेव्हा शटर धड चालेना. घरात सगळ्यांचा निकाल एकच: जुना झाला, झिजला. न्यायशास्त्र याला सव्यभिचार हेतू म्हणेल. जुनेपणा चालत्या कॅमेऱ्यातही असतो आणि बंद कॅमेऱ्यातही. मग त्यावरून झीज कशी सिद्ध होणार? आणि कपाटात पडून राहिलेलं यंत्र झिजेल तरी कशाने?

तपासायला म्हणून आम्ही मागचं झाकण उघडलं. इथे आमची चूक सांगितलीच पाहिजे. काउंटरवर ७ हा आकडा दिसत होता. या कॅमेऱ्यात झाकण उघडलं की काउंटर आपोआप सुरुवातीला जातो. म्हणजे आकडा आहे, अर्थात आत रोल आहे. धूर समोर होता हो! चाळीस वर्षं वर्गात अनुमान शिकवलं आणि आकडा पाहूनही झाकण उघडलं. लगेच मिटलं, पण उजेड आत गेलाच. गुंडाळलेल्या रोलचे बाहेरचे थर गेले. आतले, म्हणजे आधी काढलेले, दोन फोटो कडा पांढऱ्या पडून का होईना, मिळाले. एकात टेबल लँडवर आमची आई पाठमोरी उभी आहे. बाकीच्या पाचांत काय होतं हे भावाला विचारायची सोय आता राहिलेली नाही.

तेव्हा पहिलं काम रोल आहे का ते पाहणं. ३५ मिमीच्या कॅमेऱ्यात रोल मागे गुंडाळायची खुंटी बाणाच्या दिशेने अगदी हलक्या हाताने फिरवा. ताण लागला तर आत फिल्म आहे. झाकण उघडू नका.

आता शटर. ‘का बंद पडलं’ हे जरा बाजूला ठेवू. आधी विचारू, कधी चालतं आणि कधी चालत नाही? अन्वय आणि व्यतिरेक. मिलने १८४३ च्या ‘सिस्टिम ऑफ लॉजिक’मध्ये याच्याशी जुळणाऱ्या पद्धती मांडल्यात. रिकामा कॅमेरा खिडकीकडे धरून मागून पाहत एकेक वेग तपासला. १/२५० ला पाती झटकन उघडून मिटतात. १/६० ला ठीक. एक सेकंदाला मात्र उघडतात आणि उघडीच राहतात. पाती तेलाने चिकटली असती तर सगळेच वेग बिघडले असते. म्हणजे दोष पात्यांत नाही. जे फक्त सावकाश वेगांना कामाला येतं त्याच्यात आहे. तिथे शटरला रोखून धरणारी छोट्या दातेरी चाकांची माळ असते. ‘घर्रर्र’ आवाज येतो ना, तो तिचा. थंडीत सकाळी अडकते, दुपारी ऊब आली की कशीबशी चालते, असं दिसलं तेव्हा संशय वाळलेल्या ग्रीसवर गेला. कारागिराने चाकं धुतली आणि शटर चालू लागलं.

यात तेल सोडायचा मोह फार होतो. सोडू नका. शटरची पाती कोरडीच चालतात. तेल पसरत त्यांच्यापर्यंत पोचतं आणि एका दोषाचे दोन होतात. लिव्हर अडला तर जोरही करू नका.

पूर्वी बडोद्याला तयार होणारा आगफा क्लिक थ्री अनेकांच्या घरी असेल. त्याला शटरचा वेग मुळात एकच, तेव्हा तुलना कशाशी करणार? तिथे स्प्रिंग आणि पातं एवढंच पाहायचं.

फोटोवर उजेडाचे पट्टे येतात त्याचं काय, असं कुणीतरी विचारेल. ३५ मिमीची निगेटिव्ह पाहा, प्रिंट नको. डाग चौकटीबाहेर, कडेच्या भोकांपर्यंत गेला असेल तर उजेड बहुधा मागच्या झाकणातून येतोय. तिथला फोम कुजून काळा चिकट चुरा झालेला असतो. डाग चौकटीच्या आतच थांबत असेल तर शटरचा पडदा तपासा, कापडी असेल तर त्याला बारीक भोकं पडलेली असतात. दोन्ही ठिकाणी डाग तोच, कारण वेगळं. फरक सांगते ती चौकटीची कड.

भिंगावरच्या बुरशीबद्दल फार बोलत नाही, तो यंत्राचा दोष नव्हे. पण आपल्याकडच्या धुक्यात चामड्याची केस ओल धरून ठेवते. केस वेगळी काढा, कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि पुड्या मधूनमधून बदला.

आता तुमचे प्रश्न घेऊ. कुणी कॅमेरे आणले असतील तर आधी काउंटर पाहा, मगच माझ्या हातात द्या.