पाच टनांची बार्शी लाईट

मुंबईहून सोलापूरकडे निघालेला जीआयपीचा (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा) मोठा रूळ बार्शीला बगल देऊन पुढे गेला. बार्शी ही कापसाची आणि तेलबियांची नावाजलेली पेठ, पण माल गाडीत चढवायचा तर आधी बैलगाड्या जुंपून ३५ किलोमीटर दूरचं स्टेशन गाठावं लागे. आजचं कुर्डुवाडी ते हेच. तेव्हा त्याचं नाव होतं ‘बार्शी रोड’.

या ३५ किलोमीटरांनी एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरला झपाटलं. १८८२ मध्ये तो जीआयपीच्या नोकरीत भारतात आला होता. पुढे नोकरी सोडून तो बार्शीच्या रेल्वेच्या मागे लागला, १८९५ मध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाउन गाडी धावू लागली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्या गाडीच्या निम्म्याहून कमी.

नॅरोगेज म्हटलं की काटकसरीची, दुय्यम रेल्वे असं आपण धरून चालतो. बार्शी लाईटच्या बाबतीत हा समज अन्यायाचा आहे. हलका रूळ घातला तर खर्च वाचतो, पण त्यावर जड इंजिन चालत नाही, ही तेव्हाची अडचण होती. कॅलथ्रॉपने नियमच घातला: इंजिन असो, डबा असो की वाघीण, एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये. त्यासाठी किटसन कंपनीकडून आठ चालत्या चाकांचं आणि मागे आधाराला चार चाकांचं इंजिन बनवून घेतलं. सहा आसांवर वजन वाटलं गेलं, त्यामुळे एवढं ताकदवान इंजिनही हलक्या रुळाला पेललं. डबे आणि वाघिणीही लांब, बोगीच्या. हा सगळा सरंजाम भारतात येण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे मुद्दाम घातलेल्या रुळांवर चालवून दाखवला गेला. बार्शीची गाडी ही त्या काळची अव्वल इंजिनिअरिंग होती.

मग लाईन वाढत गेली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९०७ मध्ये तडवळे, १९११ मध्ये निजामाच्या राज्यातलं लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. एकूण सव्वातीनशे किलोमीटर. एरवी शेतमाल आणि आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी गच्च भरलेले डबे, यांवर ती जगली. १ जानेवारी १९५४ रोजी ती सरकारच्या मालकीची झाली.

कॅलथ्रॉपने हेच तंत्र इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशरच्या मॅनिफोल्ड खोऱ्यातही वापरलं. १९०४ मध्ये सुरू झालेली ती लाईन जेमतेम १३ किलोमीटरांची. तिथे मोठ्या गाडीची वाघीण जशीच्या तशी छोट्या गाडीवर चढवून नेण्याची सोयसुद्धा होती. पण वाटेवरची गावं लहान, दुधाखेरीज फारसा माल नाही. दूधही रस्त्याने जाऊ लागलं आणि १९३४ मध्ये लाईन बंद झाली. आता तिथे पायवाट आहे. बार्शी लाईटच्या वाटेवर मात्र उतारू आणि माल भरपूर होते. तिचा घात केला तो कुर्डुवाडीने. तिथे गेज बदलायचा, म्हणून छोट्या वाघिणीतलं प्रत्येक पोतं हमालाच्या पाठीवरून मोठ्या वाघिणीत जायचं. वेळ जायचा, मजुरी पडायची. शेतातून थेट बाजारात जाणारा ट्रक आल्यावर हा खोळंबा कोण सोसणार? रुंदीकरण आणखी आधी व्हायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्याने झालं. कुर्डुवाडी-पंढरपूर आधी, मग लातूरची बाजू, शेवटी मिरजेची. नवा रूळ वळण घेऊन उस्मानाबादलाही, म्हणजे आजच्या धाराशिवला, गेला. जुनी लाईन त्या शहराला टाळून गेली होती.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरचे नळ कोरडे पडले, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली ती याच मार्गाने: पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे ५० टन पाणी. चार आसांच्या वाघिणीत नुसत्या पाण्याचाच भार आसामागे साडेबारा टन होतो. कॅलथ्रॉपने आखलेली वाट ती गाडी पेलू शकली, कारण त्याचा पाच टनांचा रूळ तोवर उखडला गेला होता.