वेहळोलीच्या कोंबड्या आणि रेणूंचा खेळ

फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत एका पोल्ट्रीतल्या शंभरेक कोंबड्या दगावल्या. नमुने तपासणीला गेले आणि निदान झालं बर्ड फ्लूचं, विषाणूचा प्रकार एच५एन१. एक किलोमीटरच्या परिघातले सुमारे २५,००० पक्षी नष्ट करायचं प्रशासनाने ठरवलं. भातसाकाठच्या सापगावापासून मुरबाडपर्यंतच्या गावांत शेतीच्या जोडीला कोंबड्या पाळल्या जातात. अशा ठिकाणी साथ आली की पहिला प्रश्न असतो, कोंबडी खायची की नाही? त्याचं उत्तर विषाणू कशाकशाचा बनलेला आहे यात सापडतं.

विषाणूत असतं काय?

आपली पेशी असो वा कोंबडीची, ती मुख्यतः प्रथिनं, मेद, कर्बोदकं आणि डीएनए-आरएनए यांच्यावर चालते. एच५एन१ याच सामग्रीचा आहे. आत आरएनएचे आठ तुकडे, त्यांना धरून असलेली प्रथिनं आणि बाहेरून मेदाचं पातळ आवरण. हे आवरण त्याचं स्वतःचं नव्हे. कोंबडीच्या पेशीतून बाहेर पडताना तिच्याच पटलाचा तुकडा तो अंगावर घेऊन निघतो. साबणाने हे मेदाचं आवरण फुटतं आणि विषाणू निकामी होतो. शेडमधून आल्यावर साबणाने हात धुवायला सांगतात ते याचसाठी.

पेशीत शिरकाव

विषाणूच्या अंगावरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन पेशीवरच्या सियालिक आम्ल या शर्करेला चिकटतं. ही शर्करा कोंबडीत आणि माणसातही असते, पण ती पुढच्या साखरेशी कशी जोडलेली आहे यात फरक आहे. पक्ष्यांमधली जोडणी एच५एन१ला सोयीची पडते. माणसाच्या नाका-घशात प्रामुख्याने दुसरी जोडणी असते, तर पक्ष्यांसारखी जोडणी फुप्फुसात खोलवर आढळते. म्हणून माणसाला हा आजार क्वचित होतो, पण झालाच तर फार गंभीर होऊ शकतो.

कोंबड्या इतक्या झटपट का मरतात, याचं कारणही याच प्रथिनात आहे. ते कामाला लागण्यासाठी आधी एका ठिकाणी कापलं जावं लागतं. सौम्य प्रकारांत ते कापणारी विकरं श्वासमार्गात आणि आतड्यातच असतात. घातक एच५एन१मध्ये ती जागा अशी बदललेली असते की शरीरभर असलेलं फ्युरिन हे विकर ती कापू शकतं. मग मेंदू, यकृत, हृदय, काहीच सुटत नाही.

शिजवल्यावर काय होतं?

प्रथिनाचं काम त्याच्या घडीवर अवलंबून असतं. उष्णतेने घडी उलगडते. अंड्याचा पांढरा बलक उकळल्यावर घट्ट होतो तो यामुळेच. मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला शिजलं की विषाणूच्या प्रथिनांचीही घडी मोडते आणि तो मरतो. नीट शिजवलेली कोंबडी खायला हरकत नाही, हे सांगणं म्हणजे पोकळ दिलासा नव्हे. खरा धोका असतो तो आजारी कोंबडी हाताळण्यात, कापण्यात आणि सोलण्यात.

प्रायॉनचं प्रकरण वेगळं

पण शिजवल्याने रोग पसरवणारी प्रत्येक गोष्ट निकामी होतेच असं नाही; प्रायॉन हा असाच अपवाद. प्रायॉनमध्ये ना आरएनए असतं ना मेदाचं आवरण. ते नुसतं प्रथिन असतं, तेही आपल्याच मेंदूतल्या एका नेहमीच्या प्रथिनाचं चुकीच्या घडीचं रूप. विरजणाने दुधाचं दही व्हावं तसं ते शेजारच्या चांगल्या प्रथिनांना आपल्या घडीत आणतं. त्यांचे गठ्ठे साचतात आणि मेंदू स्पंजसारखा सच्छिद्र होतो. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ साली ‘प्रायॉन’ हे नाव दिलं, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांना ही कल्पना पटली नव्हती. जनुकांशिवाय रोग पसरेल कसा, हा त्यांचा सवाल होता. १९९७ मध्ये प्रुसिनर यांना नोबेल मिळालं.

ही चुकीची घडी इतकी घट्ट असते की स्वयंपाकाच्या आचेने ती मोडत नाही. ब्रिटनमध्ये १९८६ साली ओळखल्या गेलेल्या ‘मॅड काऊ’ या प्रायॉनच्या रोगाचा माणसापर्यंतचा प्रवास म्हणूनच थोपवता आला नाही. गुरांना गुरांच्याच मांस-हाडांची भुकटी खायला घातल्याने तो पसरला होता. भारत या रोगाबाबत नगण्य जोखमीच्या देशांत गणला जातो.

पक्षी मरू लागले तर

मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकू नयेत, उघड्या हाताने उचलू नयेत. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. सरकारी भरपाई मिळते ती साथ रोखण्यासाठी नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. ही गोष्ट प्रत्येक पोल्ट्रीवाल्याला आधीच माहीत असायला हवी, कारण कळवायला उशीर झाला की विषाणू पसरतो आणि भरपाईही घटत जाते.