किमयागाराची खोली, नोएडाच्या फ्लॅटमध्ये

संगणकावरच्या खेळातलं घर सजवता सजवता एक खरी जुनी वस्तू घरात आली, आणि आजीने ती स्वयंपाकघरात जाऊ दिली नाही!

नोएडात राहणाऱ्या माझ्या बहिणीचा मुलगा अकरावीत आहे आणि त्याची दोन घरं आहेत. एक आईवडिलांचं, तिसऱ्या मजल्यावरचं. तिथली खोली आवरायला त्याला चारदा सांगावं लागतं. दुसरं घर संगणकावरच्या खेळातलं. ते मात्र अगदी लखलखीत! ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ नावाच्या या खेळात २०१७ पासून खेळाडूला स्वतःचं घर घेऊन ते हवं तसं मांडता येतं. २०२० मध्ये त्यात जुन्या वस्तू शोधण्याची सोयही आली. आधी जागेचा माग काढायचा, मग हलक्या हाताने माती उकरायची. हाती लागलेल्या काही वस्तू घरात मांडता येतात. भाच्याला किमयागाराची खोली सजवायची होती. भट्टी, वाकड्या नळ्यांची भांडी, धुळकट बाटल्या. त्यापायी त्याच्या संध्याकाळच्या संध्याकाळ जात होत्या.

दिवाळीच्या सुट्टीत तो म्हणाला, “मावशी, अशी एखादी खरी वस्तू मिळेल का गं? टेबलावर ठेवायला?”

दिल्लीत काय मिळत नाही! आम्ही जुन्या दिल्लीत भटकलो. एका बोळातल्या दुकानदाराने पोत्याखालून होडीच्या आकाराचा लोखंडी खल काढला. “डेढ़ सौ साल पुराना है, बहनजी,” तो म्हणाला. घासाघीस करून आम्ही तो घेतला. भाचा खूश, आणि ताई त्याहून खूश. “दिवसा माझ्याकडे राहू दे, वेलची कुटायला बरा आहे,” असं म्हणत तिने तो धुवायला घेतलाही.

आई सांगलीहून आली होती. तिने खल हातात न घेताच विचारलं, “हा कुणाच्या घरातला? आपला खलबत्ता गोल असतो. असा लांबट खल आमच्या शेजारच्या वैद्यांकडे होता. आम्हा पोरांना ते त्याला हात लावू द्यायचे नाहीत.” तिने पांढऱ्या फडक्याने आतून पुसून दाखवलं. फडकं काजळासारखं काळं झालं.

पारा आणि गंधक एकत्र खलले की काळी भुकटी होते. तिचं नावच ‘कज्जली’. रसौषधी करणारे वैद्य ती तासन्‌तास खलत बसत, आणि बत्ता मागेपुढे फिरवायला होडीसारखा खल सोयीचा पडे. आमच्या फडक्यावरचा काळा रंग कज्जलीचा होता की नुसत्या गंजाचा, हे घरी बसून कळणं शक्य नव्हतं. आणि हीच तर खरी अडचण! पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास येत नाही, साध्या खोलीच्या उबेतही ती निघत राहते. लहान मुलांना आणि गरोदर बाईला ती जास्त बाधते. मातीचं भांडं पारा शोषून घेतं, तांब्यापितळेवर तो चांदीसारखे डाग पाडतो. म्हणून असलं भांडं ‘शुद्ध’ करायला गॅसवर तापवणं हा सर्वांत वाईट उपाय. खल घट्ट झाकणाच्या डब्यात घालून बाल्कनीत गेला. वेलची पुन्हा मिक्सरमध्ये.

भाच्याचं तोंड एवढंसं झालं. त्याची समजूत काढायला मी ‘रसरत्नसमुच्चय’ उघडला. सुमारे तेराव्या शतकातला हा संस्कृत ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमानेही छापला होता. त्यात रसशाळा कशी मांडावी ते दिशावार सांगितलं आहे. पूर्वेला रसभैरव, आग्नेयेला भट्टीचं काम, दक्षिणेला दगडावरचं, नैर्ऋत्येला शस्त्रांचं. पश्चिमेला धुणं, वायव्येला वाळवणं. उत्तरेला ‘वेधकर्म’, म्हणजे हलक्या धातूचं सोनं करण्याचा उद्योग. तयार झालेल्या वस्तू ईशान्येला. आजचे वास्तुतज्ज्ञ स्वयंपाकघराची दिशा ठरवतात, त्याहून हे काटेकोर!

उपकरणांची नावंही गमतीची. आडव्या काठीला पुरचुंडी टांगून ती मडक्यातल्या द्रवात लोंबती ठेवली की झालं दोलायंत्र. दोन मडकी तोंडाला तोंड लावून लिंपली की डमरुयंत्र. खालच्यात हिंगूळ तापवायचा, वरचं मडकं ओल्या फडक्याने गार ठेवायचं, की पारा वर चढून आतून चिकटतो. काचेच्या कुपीला कपडमातीचे थर देऊन ती वाळूच्या भांड्यात तापवली की वालुकायंत्र. आणि जस्ताचं सत्त्व काढायला चक्क वांग्याच्या आकाराची मूस!

ही वांगी पोथीतच राहिली नाहीत. उदयपूरजवळ जावर इथे जुन्या जस्तभट्ट्या उत्खननात सापडल्या, आणि त्यांतल्या मुशी तशाच, लांबट वांग्यासारख्या. एका भट्टीत छत्तीस मुशी उलट्या मांडत. जस्ताची वाफ नळीतून खाली उतरून गार भागात थिजे. युरोपात विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचं पेटंट घेतलं १७३८ मध्ये. जावरचं काम त्याच्या कितीतरी आधीचं. वापरून झालेल्या मुशी गावकऱ्यांनी भिंतींत विटांसारख्या बसवल्या. किमयेच्या भांड्यांनी घर सजवण्याचा याहून अस्सल नमुना मला तरी माहीत नाही.

सोन्याचं मात्र वेगळं. दिल्लीच्या बिर्ला मंदिराच्या यज्ञशाळेतल्या शिलालेखात १९४१ साली एका पंडिताने पाऱ्याचं सोनं करून दाखवल्याची नोंद कोरली आहे, साक्षीदारांच्या नावांसह. रसायनशास्त्र म्हणतं, भट्टीत धातू बदलत नाही. माझा कौल रसायनशास्त्राला.

तुमच्या घरातही असा कुणी हौशी किमयागार असेल, तर एवढं पाहा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती परदेशी भाच्याला पाठवताही येत नाही. अर्थात ‘दीडशे वर्षांची’ पितळी वस्तू बरेचदा अलीकडेच घडवून काळवंडवलेली असते, तेव्हा कायद्याआधी खिसा सांभाळा! वैद्याकडचा खल, मूस, कुपी घेऊच नका. त्यापेक्षा अत्तरवाल्यांचं तांब्याचं डेग आणि भपका पाहा. त्यात फुलंच शिजलेली असतात, आणि दिसायला ते अगदी किमयागाराचंच.

एवढं मोठं डेग नोएडाच्या फ्लॅटमध्ये मावणार कुठे? आम्ही दरिबा कलाँत जाऊन अत्तराच्या चार नक्षीदार काचेच्या बाटल्या आणल्या. त्या आता भाच्याच्या टेबलावर आहेत.

खेळातली खोली त्याने पुन्हा मांडली आहे. भट्टी आग्नेयेला हलवली, पश्चिमेला पाण्याची घागर, वायव्येला वाळत घातलेल्या वनस्पती. उत्तरेची बाजू रिकामीच ठेवली आहे. मी कारण विचारलं, तर म्हणाला, “तिथे काही होतच नाही ना, मावशी.”