दोन कुप्या आणि आजोबांचे नाक

धानाची कापणी आटोपली, वैनगंगेच्या काठी पहाटेचे धुके उतरू लागले, की भंडारा जिल्ह्यातील घरांत उबदार गंधांची ओढ लागते. उन्हाळ्यात वाळा आणि मोगरा, थंडीत हिना, हा अत्तराचा ऋतुक्रम ज्येष्ठांना परिचित आहे. आता नातवंडे परफ्युमच्या कुप्या आणतात. समजा, आपल्यापुढे अशा दोन आहेत : एकीत संत्रे व लवंग, दुसरीत सफरचंद व दालचिनी. निवड कशी करावी?

कुपी उघडताच निर्णय करू नये. फळाचा हलका गंध लवकर उडून जातो. मसाल्याचा मागे रेंगाळतो. दोन सुती रुमालांवर एकेक फवारा द्यावा आणि तासाभराने, मग सायंकाळी पुन्हा हुंगावे. जो तेव्हाही सुखद वाटेल, तो आपला.

त्यानंतर त्वचेचा कौल घ्यावा. उतारवयात त्वचा पातळ व कोरडी होते. परफ्युममधील अल्कोहोल ती अधिक कोरडी करते. लवंगेतील युजेनॉल आणि दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड या दोहोंची काहींना ॲलर्जी असते. म्हणून कोपराच्या आतील बाजूस, नाण्याएवढ्या जागेवर, आठवडाभर थोडे लावून पाहावे. खाज वा लाली आल्यास धुऊन टाकावे व वापर थांबवावा. लिंबूवर्गीय सालींची काही तेले मानेवर लावून उन्हात गेल्यास काळपट डाग पडू शकतात; असा सुगंध कपड्यावरच बरा. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर फवारा टाळावा. निरंजन वा शेगडीजवळ तर तो कधीच उडवू नये. अल्कोहोल चटकन पेट घेते.

सेवा करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आजोबा म्हणाले, ‘दोन्ही सारख्याच वाटतात,’ किंवा एरवी एक थेंब पुरत असता ते अंगभर सुगंध लावू लागले, तर त्यांना हसू नये. साठीनंतर घ्राणशक्ती हळूहळू मंदावते आणि ते बहुधा स्वतःच्या ध्यानात येत नाही. सर्दी, कोविड किंवा डोक्याला मार लागल्यानेही ती जाते. पार्किन्सन वा अल्झायमरच्या काही रुग्णांत ती आधीपासूनच क्षीण झालेली असते. प्रत्येक वेळी असेच असते असे नाही. तरीही डॉक्टरांना सांगावे.

तोवर घर सांभाळावे. ज्याला लवंग ओळखता येत नाही, त्याला गॅसची गळती, करपलेले दूध वा आंबलेली भाजीही कळणार नाही. रात्री रेग्युलेटर बंद करण्याचे काम दुसऱ्या कुणी घ्यावे आणि उरलेल्या अन्नावर दिवस लिहून ठेवावा.

आणि निवड? ज्येष्ठांना आवडेल, त्यांच्या त्वचेला मानवेल आणि शेजारी बसणाऱ्याला सोसेल, तीच कुपी घ्यावी. दोन्ही नकोशा वाटल्या, तर कापसाच्या फायावर हिन्याचा एक थेंब पुरेसा आहे.