युद्धनौका : रचना व नाविकबळ

युद्धनौका चालविण्यासाठी व लढविण्यासाठी लागणाऱ्या अधिकारी-नौसैनिकांच्या समूहास नाविकबळ म्हणतात. त्याची संख्या, कौशल्ये व निवासव्यवस्था प्रामुख्याने नौकेच्या आराखड्यावरून ठरतात. मराठा आरमारातील गलबतांना ४० ते ५० वल्ही असत; त्यामुळे लहान नौकेवरही बरेच वल्हेकरी घ्यावे लागत. पुढे शिडांची जागा बाष्पशक्तीने घेतल्यावर शिडे हाताळणाऱ्या खलाशांऐवजी कोळसा टाकणारे व बाष्पित्रे सांभाळणारे लोक आवश्यक झाले.

समुद्रावर नौकेचे कामकाज अहोरात्र चालते. चार तास पहारा व आठ तास विश्रांती या पद्धतीत अखंड राखावयाच्या प्रत्येक जागेसाठी तीन माणसे लागतात. म्हणून स्वयंचलनाने अशी एक जागा कमी झाल्यास तीन शय्या, तसेच त्या तिघांचे अन्न व गोडे पाणी यांसाठी लागणारी जागा वाचते आणि ती इंधनासाठी वा शस्त्रास्त्रांसाठी उपयोगी पडते.

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या एकाच नावाच्या दोन नौकांवरून हा बदल स्पष्ट होतो. ब्रिटिश ‘लिअँडर’ वर्गाच्या आराखड्यावर आधारित ‘निलगिरी’ ही फ्रिगेट १९७२ मध्ये नौसेनेत दाखल झाली. बाष्पित्रे व बाष्प टरबाइने असलेल्या या सुमारे ३,००० टनी नौकेवर सुमारे २६७ जण असत. १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झालेली नवी ‘निलगिरी’ सुमारे ६,६७० टनांची असूनही तिचे नाविकबळ सुमारे २२५ आहे. म्हणजेच दर हजार टनांमागील माणसे सुमारे ९० वरून ३४ वर आली. डीझेल एंजिने व वायू टरबाइने, स्वयंचलित तोफ आणि यंत्रसामग्रीचे संगणकाधारित एकत्रित नियंत्रण ही त्याची प्रमुख कारणे होत.

तथापि या कपातीस मर्यादा आहेत. आग लागल्यास किंवा नौकेत पाणी शिरल्यास अनेक हात एकाच वेळी लागतात. शिवाय मोजक्या माणसांपैकी एकजण आजारी पडला, तरी उरलेल्यांवर मोठा भार येतो. अमेरिकेच्या किनारी लढाऊ नौकांसाठी प्रथम ४० जणांचे मूळ नाविकबळ योजिले होते. अनुभवान्ती ते ५० करावे लागले. संख्या घटली, तरी प्रत्येकाचे प्रशिक्षण अधिक दीर्घ व खर्चिक होते आणि असा कुशल नौसैनिक सेवा सोडून गेल्यास होणारी हानीही मोठी असते.

नौकेवरील काही कामे नाहीशी न होता किनाऱ्यावर जातात. मुंबईच्या उपनगरांत घाटकोपर येथे नौसेनेचे सामग्री भांडार आणि मालाडजवळ मार्वे येथे पुरवठाविषयक प्रशिक्षण देणारा ‘हमला’ हा तळ आहे. नौकेवर दुरुस्तीस माणसे कमी असल्यास सुटे भाग, गोदीतील कारागीर व तळावरील कर्मचारी यांची तरतूद वाढवावी लागते.

निवासाचा विचारही आराखड्यातच करावा लागतो. २०२२ मध्ये दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेत सुमारे १,६०० जणांची सोय असून महिलांसाठी स्वतंत्र कक्ष आहेत. नौकेचे आयुष्य तीन-चार दशकांचे असल्याने अशा तरतुदी नंतर करणे कठीण व खर्चाचे ठरते. म्हणून आज आखलेल्या नौकेवरून पुढील पिढीच्या नौसैनिकभरतीचे स्वरूपही बव्हंशी निश्चित होते.